जपानच्या रग्बीचे ३७ सामने एका टोपलीत टाकू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरच्या क्रीडा पानावर मागच्या रविवारी रग्बीवर एक चौकट आली होती, जपानच्या पुरुष संघाची वर्ल्डकपमधली कामगिरी. सामने ३७, विजय १०, पराभव २५, बरोबरी २. आणि खाली एक ओळ होती की आशियातला सगळ्यात भारी संघ असून याची ही गत, मग बाकी आशियाई देशांनी या खेळाच्या नादी लागावंच कशाला. बाकी देश म्हणजे आपणच, दुसरं कोण. आकडे बरोबर आहेत, मी एकेक मॅच लावून पाह्यली, बेरीज जुळते. पण त्या आकड्यांखाली जी ओळ ठोकली ना साहेब, ती काही जुळत नाही, म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांबलं तर कापा, पण आकडे कापू नका.

ती बेरीज एकदा फोडून पाहा. १९८७ ला पहिला वर्ल्डकप झाला, तेव्हापासून २०११ पर्यंत सात झाले आणि जपान सातही खेळला. सामने २४, त्यातला विजय फक्त एक, दोन बरोबरीत सुटले, बाकी २१ हरले. आता २०१५, २०१९, २०२३ असे पुढचे तीन घ्या. सामने १३, विजय ९, पराभव ४. २४ मध्ये एक आणि १३ मध्ये नऊ, हा काय एकच संघ आहे का? जर्सी तीच आहे लाल-पांढऱ्या पट्ट्याची, बाकी काहीच ते नाही. तुम्ही दोन्ही एकत्र ओतले आणि सरासरी काढून मोकळे झाले.

आणि विदर्भातल्या पेपरनं तरी असं लिहू नये राजेहो. आपली विदर्भाची क्रिकेट टीम १९५७-५८ पासून रणजी खेळून राहिली. साठ वर्षं फायनल पाह्यली नव्हती, विदर्भाशी मॅच म्हणजे समोरच्याचे फुकटचे पॉइंट असंच सगळे समजायचे. मग चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले, फैझ फजल कॅप्टन, वसीम जाफर मुंबईहून आलेला, गणेश सतीश कर्नाटकातून, आणि २०१८ च्या १ जानेवारीला इंदूरच्या मैदानावर दिल्लीला ९ विकेटनं हरवून कप उचलला, रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच फायनलमधली. पुढच्याच सीझनला सौराष्ट्राला हरवून परत, आणि २०२४-२५ ला केरळसमोर पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा. आता कोणी पुण्या-मुंबईचा शहाणा उठला आणि ५७ पासूनच्या सगळ्या मॅचेस एका टोपलीत टाकून म्हणाला की विदर्भाचं जिंकण्याचं प्रमाण बघा किती कमी, यांनी क्रिकेटच्या नादी लागू नये, तर तुम्ही त्याच्यावर अग्रलेख लिहाल की नाही? जपानचं एक्झॅक्ट तेच प्रकरण आहे, बाहेरून कोच, बाहेरून काही प्लेयर, घरच्या पोट्ट्यांची वर्षानुवर्षांची मेहनत आणि एक दिवस अचानक (लोकांना अचानक वाटलेला) धमाका.

जुना हिशोब वाईट होता हे मी नाकारत नाही, नाकारायचं कारणच नाही. १९९५ चा वर्ल्डकप, साउथ आफ्रिकेतलं ब्लूमफोंटेन, ४ जून. न्यूझीलंडनं आपले बरेचसे मेन प्लेयर बसवून ठेवले होते आणि दुसऱ्या फळीच्या पोरांना उतरवलं, त्या दुसऱ्या फळीनं जपानला १४५-१७ नं धुतलं. हाफ टाइमलाच ८४-३ होतं. सायमन कलहेन नावाचा पोरगा आयुष्यातली पहिली टेस्ट खेळत होता, त्या एकट्यानं ४५ पॉइंट केले, मार्क एलिसनं सहा ट्राय. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच पॉइंट, मग वरून किक मारून दोन्ही खांबांमधून बॉल घातला की आणखी दोन, आणि पेनल्टीची किक तीनची. न्यूझीलंडनं त्या दिवशी २१ ट्राय केले, म्हणजे ऐंशी मिनिटांत दर चार मिनिटाला एक. वर्ल्डकपमध्ये एका संघानं केलेला हा आजही सगळ्यात मोठा स्कोअर आहे.

पण त्या मॅचमध्ये जपाननंही दोन ट्राय केले होते. १४५ खाऊन राहिलेला माणूस शेवटपर्यंत पळून दोन ट्राय करतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही, चौकटीत ती मावतही नाही.

त्याच्या आधी १९९१ ला एक विजय होता, बेलफास्टला झिंबाब्वेविरुद्ध ५२-८, नऊ ट्राय. तेव्हा ट्रायचे चारच पॉइंट मिळायचे, पाच नंतर झाले, आजच्या हिशोबानं तो स्कोअर ६१ होतो, पण असो. त्या विजयानंतर पुढचा विजय यायला २४ वर्षं गेली. मधल्या काळात फिजी, वेल्स, फ्रान्स, स्कॉटलंड, ज्यानं त्यानं हात धुऊन घेतले, २००७ ला ऑस्ट्रेलियानं ९१-३ केलं, २०११ ला न्यूझीलंडनं ८३-७. हाती लागल्या त्या दोन बरोबऱ्या, दोन्ही कॅनडाशी, २००७ ला १२-१२ आणि २०११ ला २३-२३. आशियात मात्र या सगळ्या वर्षांत दादागिरी जपानचीच, मधून मधून कोरियानं धक्का दिला तेवढाच. म्हणजे घरी राजा आणि बाहेर गेलं की मार, आणि याचं कारणही त्यातच आहे, आशियात ज्यांच्याशी खेळायचे त्यांना पन्नास-साठनं हरवून काही शिकायला मिळत नाही आणि मोठे देश जपानशी फारसं खेळायलाच तयार नव्हते. चार वर्षांतून एकदा वर्ल्डकपला जायचं आणि एकदम इंग्लंड-न्यूझीलंड समोर.

मग बदललं काय? लोक म्हणतात एडी जोन्स आला. तो आला २०१२ ला, ऑस्ट्रेलियाचा माणूस, आई जपानी वंशाची. बरोबर आहे, पण कोच आला आणि जादू झाली असं सांगणं म्हणजे पुन्हा चौकटीचाच प्रकार झाला. जपानात २००३ पासूनच कंपन्यांच्या टीमची देशभराची लीग सुरू होती, तोशिबा, सनटोरी, पॅनासोनिक, कोबे स्टील, जसे आपल्याकडे रेल्वेचे, पोलिसांचे, बँकांचे कबड्डीचे संघ असतात तसे. प्लेयरला कंपनीत नोकरी, खेळायला मैदान, पगाराची चिंता नाही. शाळांची राष्ट्रीय स्पर्धा तर दरवर्षी हिवाळ्यात ओसाकाजवळच्या हानाझोनोच्या मैदानावर होते. म्हणजे खालून पोट्टे तयार होऊनच राहिले होते. जोन्सनं काय केलं, तर पहाटे पाचला उठवून मैदानावर आणलं, दिवसातून तीन-तीन चार-चार वेळा प्रॅक्टिस, मियाझाकीला महिनोन्‌महिने कॅम्प. आणि डोकं असं लावलं की आपली पोरं उंचीनं आणि वजनानं कमी, तर मग कमी उंचीचा फायदा करून घ्या, खाली वाकून पकड, बॉल हातात आला की किक मारून फेकून द्यायचा नाही, पळत राहायचं, समोरचा शंभर-सव्वाशे किलोचा गडी साठाव्या मिनिटाला दमला पाहिजे. लाइनआउट (बॉल मैदानाबाहेर गेला की दोन रांगांच्या मधून आत फेकतात ते) शिकवायला इंग्लंडचा स्टीव्ह बोर्थविक ठेवला, स्क्रम (ते काय, पुढे सांगतो) शिकवायला फ्रान्सचा मार्क दाल मासो. २०१३ ला टोकियोत वेल्सला २३-८ नं हरवलं, वेल्सचे बडे प्लेयर तेव्हा दुसऱ्या दौऱ्यावर होते हे खरं, पण वेल्स ते वेल्सच. २०१४ ला इटलीला २६-२३. इशारे येऊन राहिले होते, कोणी पाहत नव्हतं.

१९ सप्टेंबर २०१५, इंग्लंडमधलं ब्रायटन. समोर साउथ आफ्रिका, तेव्हाच दोन वेळचे वर्ल्ड चॅम्पियन. आमच्याकडे त्या रात्री कोणी ती मॅच पाह्यली नसेल, गणपतीचे दिवस होते, मी पण नंतर मोबाइलवर पाह्यली, पण जी शेवटची पाच मिनिटं आहेत ना त्यांच्यासाठी हे पत्र वाचणाऱ्यानं नेटपॅक खर्च करायला हरकत नाही. स्कोअर जपान २९, आफ्रिका ३२. वेळ संपल्यात जमा. जपानला आफ्रिकेच्या रेषेजवळ पेनल्टी मिळाली. किक मारली की तीन पॉइंट, ३२-३२, बरोबरी. साउथ आफ्रिकेशी बरोबरी म्हणजे जपानच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली असती, कोच जोन्सलाही तेच पाहिजे होतं, वरून ओरडून राहिला होता की तीन घ्या. कॅप्टन मायकल लीच म्हणाला नाही, स्क्रम. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, खांदे अडकवून एकमेकांना ढकलतात आणि मधून बॉल काढायचा. असल्या वजनदार टीमसमोर, मॅचच्या अगदी शेवटी, स्क्रम घ्यायचा! ८४ व्या मिनिटाला बॉल उजवीकडून डावीकडे फिरत फिरत गेला आणि डाव्या कोपऱ्यात कार्न हेस्केथनं टेकवला. ३४-३२. वरची किक गोरोमारूची हुकली, कोणाला पडली होती तिची. त्याच आयुमू गोरोमारूनं त्या दिवशी ३४ पैकी २४ पॉइंट एकट्यानं केले होते.

आता या वर्ल्डकपचा हिशोब ऐका, कारण मला सगळ्यात जास्त राग इथंच येतो. जपान चार मॅच खेळला, साउथ आफ्रिकेला हरवलं, सामोआला २६-५ नं, अमेरिकेला २८-१८ नं. हरला एकच, स्कॉटलंडशी ४५-१०, ती मॅच पण आफ्रिकेच्या मॅचनंतर अवघ्या चार दिवसांनी लावली होती आणि स्कॉटलंडची ती पहिलीच मॅच, ते एकदम ताजेतवाने. चारपैकी तीन जिंकूनही जपान ग्रुपमधूनच घरी. असं वर्ल्डकपमध्ये त्याआधी कोणाचंच झालं नव्हतं. काहून झालं? तर बोनस पॉइंट. जिंकले की चार पॉइंट, चार ट्राय केले की एक जास्तीचा, आणि हरूनही सात किंवा त्याहून कमी पॉइंटनं हरले तर एक. साउथ आफ्रिकेनं जपानविरुद्ध हरलेल्या मॅचमध्येही चार ट्राय केले होते आणि दोननंच हरले, त्यामुळे हरून त्यांना दोन पॉइंट. जपाननं तीन ट्रायवर मॅच मारली, त्यांना चार. शेवटी टेबल झालं आफ्रिका १६, स्कॉटलंड १४, जपान १२. तुमच्या चौकटीत या वर्ल्डकपपुढे काय लिहिलं होतं? ‘गटातच गारद’. नियमानं बरोबर आहे हो, पण १९८७ ला तिन्ही हरले तेव्हाही गटातच गारद आणि २०१५ ला तीन जिंकले तेव्हाही गटातच गारद, दोन्हीला एकच शिक्का मारला तर वाचणाऱ्याला काय घंटा समजणार.

बाहेरच्या प्लेयरवर पण बोलून घेतो, कारण आमच्या गावातल्या एका मास्तरांनी हाच मुद्दा काढला की अर्धे तर गोरे आणि टोंगा-फिजीचे आहेत, मग जपानचा विजय कसा. रग्बीत नियमच तसा आहे, पासपोर्ट पाहत नाहीत, तिथं जन्मला किंवा आई-बाप, आजी-आजोबा तिथले किंवा तिथं राहून इतकी वर्षं झाली, यातलं एक पाहिजे. तेव्हा तीन वर्षं राहिलं तरी चालायचं, आता पाच केली. हा लीच न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, पण पंधराव्या वर्षी सापोरोच्या शाळेत शिकायला आला, तिथंच मोठा झाला, जपानी बोलतो, तोशिबाकडून खेळतो. २०१९ च्या टीममध्ये जवळपास निम्मे जपानबाहेर जन्मलेले होते. मला विचाराल तर यात चीड येण्यासारखं काही नाही, आपण २०२४-२५ च्या रणजी फायनलला करुण नायरच्या सेंच्युरीवर टाळ्या वाजवल्याच ना, तो काय वर्ध्याचा आहे? पण एक गोष्ट मला पण खटकते आणि ती लिहितो, लहान बेटांवरची चांगली पोरं पैशासाठी दुसऱ्या देशांकडे जातात आणि सामोआ, टोंगासारखे देश रिकामे होतात. त्याचा दोष एकट्या जपानला देता येत नाही, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियानं पण तेच केलं, पण विजय मोजताना हे पण मोजावं.

२०१९ चा वर्ल्डकप जपानातच झाला, आशियातला पहिला. रशिया ३०-१०. मग २८ सप्टेंबरला शिझुओकात आयर्लंड १९-१२, आयर्लंड म्हणजे तेव्हा कप जिंकतील असं म्हणणाऱ्यांपैकी. सामोआ ३८-१९. शेवटची मॅच १३ ऑक्टोबरला योकोहामात, परत तेच स्कॉटलंड. आदल्या रात्री हगिबिस नावाचं वादळ धडकलं, गावंच्या गावं पाण्यात, माणसं गेली, वर्ल्डकपच्या तीन मॅच रद्द झाल्या. ही पण रद्द झाली असती तर पॉइंट वाटून जपान आपोआप पुढे गेला असता, स्कॉटलंडवाले तर कोर्टाची भाषा करून राहिले होते. पण रात्रभर खपून मैदान तयार केलं, दोन्ही टीमनी गेलेल्यांसाठी शांतता पाळली आणि जपाननं २८-२१ नं मॅच घेतली. एकवेळ २८-७ होतं, मग स्कॉटलंड असं अंगावर आलं की शेवटची वीस मिनिटं बघवत नव्हती. चारही मॅच जिंकून ग्रुपमध्ये पहिला नंबर, आशियातला क्वार्टर फायनलला गेलेला पहिला संघ. तिथं समोर पुन्हा साउथ आफ्रिका आणि या वेळी त्यांनी चूक केली नाही, २६-३, आणि पुढे कपही तेच घेऊन गेले.

त्या टीममध्ये केनकी फुकुओका नावाचा विंगर, म्हणजे कडेनं पळणारा प्लेयर, होता, आयर्लंडविरुद्धचा तो ट्राय त्याचाच. त्यानं नंतर ऑलिम्पिकचा विचार सोडला, रग्बी सोडली आणि मेडिकल कॉलेजला ॲडमिशन घेतली. आमच्याकडे नीटसाठी पोट्ट्याचं दहावीपासून मैदान बंद करणाऱ्या आई-बापांनी हे नाव लिहून ठेवावं, वर्ल्डकपची क्वार्टर फायनल खेळून मग डॉक्टर व्हायला गेलेला माणूस आहे.

२०२३ ला फ्रान्समध्ये चिली ४२-१२, सामोआ २८-२२ जिंकले, इंग्लंडशी १२-३४ आणि अर्जेंटिनाशी २७-३९ हरले, परत ग्रुपमधूनच घरी. आणि इंग्लंडचा कोच कोण होता? तोच बोर्थविक, ज्यानं ब्रायटनच्या मॅचआधी जपानच्या पोरांना लाइनआउट शिकवली होती. असं होतंच खेळात. जपानला आता अडकल्यासारखं झालंय हे मी मान्य करतो, छोट्या-मधल्या टीमना हरवतात, वरच्या चार-पाचांशी हरतात. २०२४ ला जोन्स परत कोच म्हणून आला, २०२५ च्या जुलैत वेल्सला किताक्युशूला २४-१९ नं हरवलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याच वेल्सशी ३१-२२ नं हरले. २०१९ च्या उंचीवर ते परत जातील असं मला तरी सध्या दिसत नाही. पण ‘नादी लागावंच कशाला’ हा निष्कर्ष यातून कुठून निघतो, ते सांगा.

आता आपल्याकडे येतो, कारण तुमच्या ओळीचा रोख इकडेच होता. कलकत्त्यात रग्बीची मॅच १८७२ च्या नाताळाला झाली. जपानमध्ये कियो युनिव्हर्सिटीच्या पोरांनी बॉल हातात घेतला तो १८९९ ला. म्हणजे २७ वर्षं आधी हा खेळ आपल्या मातीवर होता! पण खेळले कोण, तर साहेब लोक आपसात. पाच-सहा वर्षांत त्यांना कंटाळा आला, पलटण बदलून गेली, टेनिस आणि पोलोची हवा आली, क्लब बंद केला, बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा कप बनवून इंग्लंडला पाठवून दिला. तीन नागांच्या मुठीचा आणि झाकणावर हत्ती असलेला तो कलकत्ता कप, आजही दरवर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात, १८७९ पासून. चांदी आपली, कप त्यांचा, पोरं आपली एकही नाही. जपानमध्ये मात्र कॉलेजच्या पोरांच्या हाती खेळ दिला गेला, मग शाळांत गेला, मग कंपन्यांत. फरक तिथं पडला, अंगकाठीत नाही, अंगकाठी तर त्यांची पण आपल्यासारखीच.

भारताचा संघ आंतरराष्ट्रीय मॅच खेळायला लागला तोच १९९८ ला, सिंगापूरविरुद्ध. त्या टीममध्ये अभिनेता राहुल बोस होता, जो आता फेडरेशनचा अध्यक्ष आहे. पुरुषांचं म्हणाल तर सांगण्यासारखं फार नाही, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला सात-सातच्या रग्बीत (एरवी पंधरा-पंधरा खेळतात) आपण यजमान म्हणून होतो आणि पदकाच्या आसपासही नव्हतो. पण मुलींकडे बघा. पंधरा जणींचा भारतीय महिला संघ आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा उतरला २०१८ ला. पुढच्याच वर्षी, जून २०१९, मनिलात सिंगापूरला २१-१९ नं हरवलं, पंधराच्या रग्बीतला आपल्या मुलींचा पहिला विजय. शेवटी शेवटी पेनल्टीची किक घातली सुमित्रा नायकनं, ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातली, भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकलेली. त्याच शाळेची चौदा वर्षांखालची पोरं २००७ ला लंडनमधली शाळकरी स्पर्धा जिंकून आली होती. बिहारमधल्या नालंदाची श्वेता शाही, बाढची स्वीटी कुमारी, आपल्या पुण्याची वाहबीझ भरुचा तेव्हाची कॅप्टन. २०२२ ला जकार्तात सात-सातच्या आशियाई ट्रॉफीत रौप्य. २०२५ ला बिहारच्या राजगीरला वीस वर्षांखालच्या मुलींना आशियाई कांस्य. बिहार, जिथं रग्बी म्हणजे काय हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणाला माहीत नव्हतं.

तुम्ही जपानची सगळी गणितं छापली, आणि मनिलाच्या विजयाची बातमी तुमच्या पेपरात आली होती का हो? मी जुने अंक चाळले नाहीत, तुम्हीच पाहा.

आमच्या भागात शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये रग्बी आता आहे. खरं सांगायचं तर बरेच जण ग्रेस मार्कांसाठी टीम उभी करतात, आदल्या दिवशी कबड्डीच्या पोरींना सांगायचं उद्या रग्बी खेळा, बॉल पण आदल्या दिवशीच दिसतो, आणि मैदान म्हणाल तर मुरुमाचं, पडलं की गुडघा सोलून निघतो. एका स्पर्धेत तर पंचालाच बॉल पुढे फेकायचा नसतो हे माहीत नव्हतं, पोरीच सांगून राहिल्या होत्या. पण पकड घ्यायला त्यांना शिकवावं लागत नाही. कबड्डी खेळलेल्या पोरीला समोरून पळत येणाऱ्याच्या पायात कसं शिरायचं ते माहीत असतं, घाबरत नाही, आणि हीच गोष्ट शिकवायला जोन्सला मियाझाकीत महिने लागले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कबड्डी दाखवून आली होती, एवढा जुना वारसा आहे आपल्या वऱ्हाडाला. मेळघाटातल्या, पांढरकवड्याच्या, जिवतीच्या आश्रमशाळांमध्ये जी पोट्टे-पोट्टी रोज डोंगर चढून-उतरून राहिली, त्यांना ओडिशासारखं एक चांगलं हिरवळीचं मैदान आणि बाराही महिने टिकणारा एक कोच दिला तर काय होईल ते पाहायला तरी काय हरकत आहे. लगेच आशिया जिंकतील असं मी म्हणत नाही. आधी हरतीलच, मोठ्यानं हरतील, ४०-० नं, ६०-० नं, आणि तेव्हा तुमच्या क्रीडा पानावर कोणीतरी पुन्हा तसली ओळ लिहील, याचीच मला भीती आहे, कारण ती ओळ वाचून शाळेचा संस्थाचालक म्हणतो, पाहा, पेपरमध्ये पण आलंय, बंद करा ते रग्बी-फिग्बी, आणि बॉल जातो कपाटात.

तर विनंती एवढीच की २०२७ ला ऑस्ट्रेलियात वर्ल्डकप आहे, या वेळी २० च्या जागी २४ देश आहेत आणि जपान त्यात आहेच, तेव्हा त्यांचा हिशोब मांडताना २०१५ ला एक रेघ मारा, अलीकडचे वेगळे, पलीकडचे वेगळे. हरलेल्या मॅचपुढे समोर कोण होतं आणि किती दिवसांच्या विश्रांतीनं खेळले ते पण टाका. आणि आपल्या मुलींची आशियाई मॅच असेल तेव्हा हरल्या तरी निकाल छापत जा, दोन ओळी चालतील, पण त्यात ट्राय कोणी केला तिचं नाव आणि गाव असू द्या. गाव नक्की टाका, कारण इकडच्या पोरी बातमीत आधी गावच शोधतात.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ